पुढच्या बैठकीपर्यंत

ध्वज झिजतो तो मोकळ्या कडेला. खांबाकडची बाजू दोराला बांधलेली असते, तिला फारसा त्रास नाही. वाऱ्याचे फटके खाते ती पलीकडची कड. तिथला एक दोरा सुटला की त्याच दिवशी ध्वज उतरवायचा, सुटलेलं कापून टाकायचं, कड नव्याने दुमडून शिवायची. चार दिवस टाळलं तर हातात चिंधी येते. हे मला टाकेबाईंनी शिकवलं. त्याआधी मी नुसता दोर ओढत होतो आणि वर काय फडफडतंय ते बघत नव्हतो.

टाकेबाई हे त्यांना आम्ही पाडलेलं नाव. कामाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी आधीच्या शिंप्याची शिवण उसवून सगळ्यांसमोर टेबलावर टाकली होती. "हे टाके कापडाला घातलेत की पोत्याला?" असं म्हणाल्या. शिंपी तिथेच उभा होता. त्याने पुढच्या महिन्यात दुसरीकडे काम धरलं आणि बाईंना नाव चिकटलं.

आम्ही होतो नऊ देशांच्या गटाच्या मुख्य कार्यालयात. शेजारशेजारच्या नऊ देशांनी मिळून करार केलेले. एकमेकांच्या मालावर जकात घ्यायची नाही. एका देशाच्या माणसाला दुसऱ्या देशात राहायला आणि काम करायला परवाना द्यायचा. एका देशाने आपला गुन्हेगार मागितला तर दुसऱ्याने पकडून द्यायचा. अध्यक्षपद आळीपाळीने. इमारतीसमोर एका रांगेत नऊ खांब, आणि आम्ही त्यांची देखभाल करायचो. खांब, दोर, कप्प्या माझ्याकडे, कापड टाकेबाईंकडे. तळघरात आमची खोली. एका भिंतीला त्यांचं शिवणयंत्र आणि लांब टेबल, दुसऱ्या भिंतीला माझी दोराची वेटोळी आणि वंगणाचे डबे. मधून एक रेघ होती, दिसत नव्हती, पण माझा वंगणाचा हात रेघेपलीकडे गेला की ओरडा ऐकायला मिळायचा.

"दादा, तो हात खिशात घाला नाहीतर घरी ठेवून या."

बाई आमच्या देशाच्या नव्हत्या. गटातल्याच दुसऱ्या एका देशातून, नवरा गेल्यावर लहान लेकीला घेऊन परवान्यावर आलेल्या. एका खोलीत राहायच्या. लेक पुढे इथल्याच रुग्णालयात परिचारिकेचं शिकायला लागली. मला ती मामा म्हणायची. कधी संध्याकाळी आईला न्यायला यायची, टेबलाच्या टोकाला बसून पुस्तक वाचायची आणि बाई तिच्यावर खेकसायच्या, "कोपर उचल, खाली कापड आहे." बाईंचं खेकसणं हे त्यांचं बोलणं होतं. त्या गप्प झाल्या तर समजायचं काहीतरी बिनसलंय.

त्या वर्षी त्या गप्प झाल्या. त्यांच्या देशात लष्कराने सत्ता घेतली. जनरल टीव्हीवर आला, निवडून आलेलं सरकार बरखास्त झालं म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून माणसं घरातून उचलली जायला लागली. कुणी काही बोललं म्हणून, कुणी काहीच बोललं नाही म्हणून. बाईंच्या जुन्या गल्लीतला पाव भाजणारा गेला. त्याने काय घोडं मारलं होतं कुणाला ठाऊक. फोनवर माणसं हवापाण्याचं बोलायची आणि ठेवून द्यायची. बाई यंत्र चालवता चालवता मध्येच थांबायच्या आणि दाराकडे बघायच्या. दारात कुणी नसायचं.

गटाच्या नेत्यांनी तातडीची बैठक बोलावली. प्रश्न एकच होता, या देशाला गटातून निलंबित करायचं की जनरलशी बोलत राहायचं. वर्तमानपत्रांचं म्हणणं, निम्मे नेते इकडे, निम्मे तिकडे. आम्हाला त्यातलं काय कळणार. आम्हाला एवढंच कळत होतं की निलंबन झालं तर त्या देशाच्या माणसांचे परवाने रद्द होतील, आणि बाईंना, लेकीला, तिकडे परत जावं लागेल.

बैठकीच्या दिवशी जोराचा वारा होता. सकाळी ध्वज चढवले तेव्हा सगळे ठीक होते. नेते आत गेले, दारं बंद झाली. दुपारकडे बाई बाहेर आल्या, डोळ्यांवर हात धरून एकेक खांब बघत चालल्या आणि एका खांबाखाली थांबल्या. त्यांच्याच देशाच्या.

"दादा, कड गेली."

मी वर बघितलं. खालच्या कोपऱ्याला दोरे सुटून वाऱ्यात उभे राहिले होते.

"आजचा दिवस जाऊ द्या," मी म्हणालो. "आत बैठक चाललीय."

"आणि संध्याकाळपर्यंत हातभर फाटेल. बैठकीतून बाहेर येऊन लोक काय बघतील? चिंधी?"

"दुसरा चढवू मग."

"दुसरा आत आहे. सभागृहात." खरं होतं. प्रत्येक देशाचे दोनच ध्वज, आणि बैठकीच्या दिवशी दुसरा संच आत लागायचा. "तुम्ही खाली घ्या. मी शिवते आणि लगेच देते. ओढा."

आमच्या खोलीचा तो नियमच होता. कड गेलेला ध्वज वर ठेवायचा नाही, मग तो कुणाचा का असेना. इतकी वर्षं आम्ही तो पाळत आलो होतो आणि कुणाचं कधी लक्षही गेलं नव्हतं. मी दोर सोडला. ध्वज खाली आला. जमिनीला लागू नये म्हणून बाईंनी तो खांद्यावर टाकला आणि तळघराकडे चालायला लागल्या. कुंपणाच्या जाळीपलीकडे बातमीदार कंटाळून बसले होते. त्यातला एक उठून उभा राहिला. मग सगळेच उठले.

बाईंनी टेबलावर कापड पसरलं, मोठ्या कात्रीने सुटलेली कड सरळ रेषेत कापली, कातरण डब्यात टाकलं आणि कड दुमडायला घेतली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. लेक होती. ती इतक्या मोठ्याने बोलत होती की मलाही ऐकू आलं.

"आई, तू टीव्हीवर आहेस. तू ध्वज काय केलास? आई, सगळ्या वाहिन्यांवर तू आहेस!"

बाईंच्या हातातून दुमड सुटली. खुर्ची ओढून बसल्या.

रिकामा खांब बघून बातमीदारांनी सुतावरून स्वर्ग गाठला होता. 'निलंबन झालं' अशी बातमी जगभर गेली, आणि तिच्यासोबत खांद्यावर ध्वज टाकून चाललेल्या बाईंचं छायाचित्र. आत नेत्यांचं अजून काहीच ठरलं नव्हतं.

जिन्यावर बुटांचे आवाज आले. सुरक्षाप्रमुख आणि त्याच्यामागे राजशिष्टाचार सांभाळणारे साहेब. हे साहेब कायम कडक कपड्यांत, म्हणून आम्ही त्यांना इस्त्रीसाहेब म्हणायचो. त्या दिवशी त्यांची कॉलर घामाने बसली होती.

"कुणी सांगितलं उतरवायला?" सुरक्षाप्रमुखाने विचारलं.

"कुणी नाही. कड गेली होती."

"कुठली कड?"

बाईंनी कापड पुढे केलं. त्याने बोट फिरवलं. कड स्वच्छ, सरळ कापलेली.

"ही फाटलेली नाही. ही कात्रीने कापलीय."

"मीच कापली. शिवायच्या आधी कापावीच लागते."

"म्हणजे तुम्ही ध्वज उतरवलात, आणि मग कापलात."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कातरणाच्या डब्याकडे धावलो. डब्यात सगळ्या देशांची कातरणं एकात एक अडकलेली, निळी, लाल, हिरवी. मी सुटलेले दोरे वेचून टेबलावर मांडायला लागलो. माझ्या हातांचं वंगण त्यांना लागलं. त्या दिवशी बाई त्यावर काही बोलल्या नाहीत.

सुरक्षाप्रमुखाने एक दोरा उचलून उजेडात धरला. मग म्हणाला, "मला पटलं. पण मला पटून काय उपयोग? पटायला हवं ते त्यांना." त्याने वर बोट केलं आणि मग लांब कुठेतरी, सीमेच्या दिशेला.

"आधी ध्वज वर जाऊ द्या," इस्त्रीसाहेब म्हणाले. "पाया पडतो तुमच्या, आधी शिवा."

बाई शिवायला बसल्या. मी त्यांना ताप असताना शिवताना पाहिलंय, रडताना शिवताना पाहिलंय. टाका कधी वाकडा गेला नव्हता. त्या दिवशी सुईत दोरा जाईना. तो मी ओवून दिला. त्यांच्या पायाखाली यंत्र धावायचं आणि अडायचं. तरी त्यांनी कड दोनदा शिवली, नियमाप्रमाणे. दोन अधिकारी डोक्यावर उभे असताना एकदा शिवून कुणीही सोडून दिलं असतं.

ध्वज चढला. छायाचित्र मात्र परत येत नव्हतं. संध्याकाळच्या आत जनरल त्याच्या टीव्हीवर बोलला. आमच्या मातीत जन्मलेल्या बाईने आमचा ध्वज विकला, म्हणाला. ही बाई आम्हाला द्या. त्याचा प्रतिनिधी बैठकीतून तरातरा निघून गेला.

उपाहारगृहात एक दुभाषी आमच्या टेबलावर बसायचा. वरच्या बैठकांत काचेच्या खोलीत बसून बोलणं एका भाषेतून दुसरीत करणारा, हसतमुख माणूस. त्या संध्याकाळी तो हसत नव्हता. बाईंनी त्याला थेट विचारलं.

"माझं काय होईल ते सांगा. गोड करून सांगू नका."

त्याने कप बाजूला सरकवला. "निलंबन झालं तर तुमचा परवाना जातो, बाई. आणि नाही झालं तर गुन्हेगार ताब्यात द्यायचा करार त्या देशालाही लागू राहतो. त्या कराराने ते तुम्हाला मागतील."

"म्हणजे इकडून तिकडून तेच."

दुभाष्याने कप आणखी लांब सरकवला.

"लेक?"

"तीही तुमच्याच परवान्यावर आहे ना?"

बाईंनी मान हलवली. मग उठल्या, तिघांचे कप उचलून धुवायच्या ठिकाणी ठेवून आल्या. परत येताना एका खुर्चीला धडकल्या. खुर्ची समोरच होती.

निर्णय त्याच संध्याकाळी झाला. निलंबन. त्या छायाचित्राने झाला की तसाही झाला असता, हे कुणी सांगू शकत नाही. त्या वर्षीचे अध्यक्ष एका छोट्या देशाचे होते. त्यांनी शेवटच्या क्षणी एक वाक्य घालून घेतलं म्हणे. निलंबित देशाचे जे नागरिक इतर देशांत आहेत त्यांचे परवाने पुढच्या बैठकीपर्यंत चालू राहतील. बाकीच्यांनी मान डोलावली, कारण सगळ्यांना घरी जायचं होतं. दुभाष्याने जिन्यावरून धावत येऊन आम्हाला सांगितलं. लेक आलेली होती, तिने आईला मिठी मारली. बाई म्हणाल्या, "पुढची बैठक कधी?"

ध्वज उतरवायचा आदेश आला. मी दोर सोडला, बाईंनी झेलला. कड नवी कोरी होती.

त्यानंतर बाईंचं आयुष्य बैठकीपासून बैठकीपर्यंत चाललं. प्रत्येक वेळी परवाने पुढच्या बैठकीपर्यंत वाढवले जात, आणि प्रत्येक वेळी आदल्या आठवड्यात बाईंचं जेवण सुटायचं. अध्यक्ष बदलले की त्या दुभाष्याला विचारायच्या, "हा कसा आहे? कुणाच्या बाजूने बोलतो?" उरलेल्या आठ देशांचं परराष्ट्र धोरण त्यांना पाठ झालं होतं, हौस म्हणून नाही. कुठल्या देशाला जनरलकडून तेल हवंय, कुणाची त्याच्याशी सोयरीक आहे, कुणाच्या निवडणुका जवळ आल्यात. एखादा परराष्ट्रमंत्री त्या जनरलशी हात मिळवताना दिसला की दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या सुया मोजून परत डबीत जायच्या आणि पुन्हा बाहेर यायच्या.

रस्त्यात कुणी मागे चालत असेल तर त्या दुकानात शिरायच्या. खोलीचं कुलूप बदललं, वर आणखी एक कडी लावून घेतली. ती कडी मीच बसवली. भिंत भुसभुशीत होती, स्क्रू धरेना, लाकडाचे खुंट ठोकून बसवावी लागली. काम झाल्यावर त्यांनी दार आतून लावलं आणि मला म्हणाल्या, "बाहेरून ढकलून बघा. जोर लावा. लाजू नका." मी खांदा लावला. दार धरून राहिलं. आतून आवाज आला, "अजून जोरात, दादा. ते काही हळू ढकलणार नाहीत."

कामात मात्र कसूर नव्हती. निलंबित देशाचे दोन्ही ध्वज कपाटात होते. दर ऋतूला बाई ते काढायच्या, हवेवर टाकायच्या, घड्या बदलायच्या, म्हणजे घडीवर कापड विरत नाही. मी एकदा म्हणालो, "बाई, याच्यापायी तुमचा जीव टांगणीला लागलाय, आणि तुम्ही याला जपताय."

"कापडाने काय केलंय?" त्या म्हणाल्या.

लेक परिचारिका झाली, त्याच रुग्णालयात लागली. तिला एक स्थळ आलं होतं. मुलगा इथलाच, चांगला. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, कारण लग्न झालं तर लेकीला इथलं नागरिकत्व मिळणार होतं. पण लेक अडून बसली. मला म्हणाली, "मामा, मी इथली झाले तर आई एकटी तिकडची राहील. तिला नेलं तर मला सोबत जाताही येणार नाही." लग्न झालं नाही. मायलेकी त्यावरून महिनाभर एकमेकींशी धड बोलल्या नाहीत.

मग जनरलने निवडणूक घेतली आणि स्वतःच जिंकला. गणवेश काढून कोट घातला. गटातल्या देशांना त्याचं बंदर हवं होतं, त्याला त्यांचा बाजार हवा होता. त्या वर्षीच्या अध्यक्षांनी शांततेचा विजय वगैरे भाषण केलं आणि देशाला गटात परत घ्यायचं ठरलं. सगळे जुने करार पुन्हा लागू.

ही बातमी इमारतीत पसरली तेव्हा लोक तळघरात बाईंचं अभिनंदन करायला आले. टंकलेखक, माळी, दरवान.

"टाकेबाई, सुटलात! तुमचा देश परत आला!"

"आता बिनधास्त घरी जाऊन या की!"

बाई हसल्या. हसू चेहऱ्यावर चिकटवल्यासारखं. लोक गेल्यावर त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. मला एकदम कळलं नाही. मीही खुळ्यासारखा आनंदात होतो. मग दुभाष्याचं बोलणं आठवलं. परवाना पक्का झाला होता, आणि त्याच सहीने ताब्यात द्यायचा करारही जिवंत झाला होता.

दुपारी इस्त्रीसाहेब आले. एकटेच. दार लावून घेतलं.

"उद्या सकाळी ध्वज चढवायचा समारंभ आहे," ते म्हणाले. "राष्ट्राध्यक्ष स्वतः येतायत." ते आता जनरल म्हणत नव्हते. "त्यांची इच्छा अशी आहे की ध्वज त्यांच्या हातात तुम्ही द्यावा. कॅमेऱ्यांसमोर. ते तुम्हाला माफ केल्याचं जाहीर करतील."

"आणि कॅमेरे गेल्यावर?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी आपल्या बुटांकडे बघितलं. बरेच दिवस पॉलिश केलं नसल्यासारखे बघत होते, पण बूट चकचकीत होते. "मी निरोप दिला," ते म्हणाले. मग दाराशी गेले आणि पाठमोरेच बोलले, "उद्या तुमची तब्येत बरी नसेल, तर मला सकाळी उशिराच कळेल. मी काही आधी चौकशी करणार नाही."

ते गेल्यावर बाईंनी कपाट उघडलं. ध्वज काढून टेबलावर पसरला, कड बोटाने तपासली, इस्त्री केली, घडी घातली. नेहमीपेक्षा एक मिनिट कमी लागलं नाही. मी म्हणालो, "बाई, राहू द्या हो. निघा."

"माझ्या हातून गबाळा गेला असं त्याला म्हणायला नको." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही दोर बदला. जुना कप्पीत अडकतो. उद्या अडकला तर तुमच्यावर येईल."

कामाचा अंगरखा काढून खिळ्याला लावला. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं टोपण काढून टेबलावर ठेवलं, मग परत उचलून घेतलं. दाराशी थांबल्या.

"दादा, आम्ही इथून—"

मी हात वर केला. "नको, बाई. सांगू नका. मला माहीत नसलेलं बरं."

त्यांनी मान हलवली. जिन्यावर त्यांची पावलं ऐकू आली. घाईची नव्हती. घाई करणारा माणूस दरवानाच्या लक्षात राहतो.

सकाळी मी नव्या दोराने ध्वज चढवला. जनरलने बाईंबद्दल विचारलं, तेव्हा तब्येतीचं कारण सांगितलं गेलं. त्याने मान डोलावली आणि कॅमेऱ्यांकडे बघून हसला. त्याच दिवशी त्याची माणसं बाईंच्या खोलीवर गेली. मी बसवलेली कडी काढून ठेवलेली होती, दार नुसतं लोटलेलं. रुग्णालयात लेकीची कामाची पाळी होती, ती आलीच नव्हती.

मग माझ्याकडे आले. सभ्य बोलणारी दोन माणसं. कुठे गेल्या, कुणाकडे, कुठल्या रस्त्याने. मी खरं ते सांगितलं, मला माहीत नाही. त्यांनी तळघरातला कातरणाचा डबासुद्धा उलटा केला. त्यानंतर मी निवृत्त झालो, घर बदललं, तरी वर्षातून एकदोनदा येतात. दाराची घंटा वाजली की मी आधी पडद्याआडून बघतो. बायको म्हणते, दूधवाला असेल, उघडा.

परवा पुन्हा येऊन गेले. या वेळी दोघांतला एक नवा होता, तरुण. तेच प्रश्न, तीच सभ्यता. मी त्यांना पाणी दिलं. ते गेल्यावर मला हायसं वाटलं. अजून विचारत फिरतायत, म्हणजे मायलेकी त्यांना सापडलेल्या नाहीत. ते यायचे बंद होतील, त्या दिवसाची मला आता जास्त भीती वाटते.